क्रँककेसचे श्वसन : ट्रक-इंजिनातील दुर्लक्षित प्रदूषणस्रोत

देशांतर्गत मालवाहतुकीचा सुमारे ७० टक्के भार रस्ते उचलतात आणि या वाहतुकीचा कणा म्हणजे डिझेलवर चालणारा ट्रक होय. ट्रकच्या प्रदूषणाचा विचार होतो तेव्हा डोळ्यांसमोर येतो तो सायलेन्सरमधून बाहेर पडणारा काळा धूर. मानके, चाचण्या आणि दंडाच्या तरतुदी यांचा भरही प्रामुख्याने त्याच धुरावर राहिला आहे. परंतु इंजिनातून वायू बाहेर पडण्याचा आणखी एक मार्ग आहे. इंजिनाच्या तळभागातील, म्हणजे क्रँककेसमधील वायू बाहेर सोडणारी ही छोटी नळी ‘ब्रीदर’ या नावाने ओळखली जाते. सायलेन्सरमधून येणारा धूर जसजसा स्वच्छ होत गेला, तसतसे या नळीचे महत्त्व वाढत गेले. भारत स्टेज-६ मानकांच्या काळात तर या नळीकडे दुर्लक्ष केल्यास अन्य महागड्या उपकरणांनी साधलेला लाभ मोठ्या प्रमाणात वाया जाऊ शकतो. म्हणूनच ही व्यवस्था कशी चालते, तीत कोणते फेरबदल केले जातात आणि त्यांचे परिणाम काय होतात, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

क्रँककेसमध्ये वायू येतो कोठून?

डिझेल इंजिनात सिलिंडरमधील हवा अतिशय दाबली जाते. तिचे आकारमान सुमारे सोळा ते अठरा पटींनी कमी होते. या तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा सोडला की ते पेट घेते. आधुनिक ट्रक-इंजिनात ज्वलनाच्या वेळी सिलिंडरमधील दाब १५० बारच्याही पुढे जातो, म्हणजेच वातावरणाच्या दाबाच्या दीडशे पटींहून अधिक होतो. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांमधील फट बंद ठेवण्याचे काम पिस्टनवरील रिंगा करतात. ट्रक-इंजिनात साधारणतः तीन रिंगा असतात. पहिल्या दोन दाब धरून ठेवतात, तर तिसरी भिंतीवरील जादा तेल खरवडून खाली पाठवते. तथापि, रिंगांच्या टोकांमध्ये फट ठेवावीच लागते, कारण उष्णतेने धातू प्रसरण पावतो. या फटीतून प्रत्येक ज्वलनाच्या वेळी थोडासा वायू खाली निसटतो. तंत्रज्ञ यास ‘ब्लो-बाय’ म्हणतात; गॅरेजमधील मिस्त्रींच्या बोलीत त्याचे नाव ‘बॅक कॉम्प्रेशन’ असे आहे.

निसटणाऱ्या वायूचे प्रमाण अल्प वाटले तरी उपेक्षणीय नसते. एक ढोबळ हिशेब पाहू. ६ लिटर क्षमतेचे चार-आघाती इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांना एकदा या हिशेबाने ते मिनिटाला १,२०० वेळा आपल्या क्षमतेइतकी, म्हणजे ७,२०० लिटर हवा आत घेते. टर्बोचार्जरमुळे आत येणारी जादा हवा येथे धरलेली नाही. यातील केवळ अर्धा टक्का वायू खाली निसटला, तरी क्रँककेसमध्ये दर मिनिटाला ३६ लिटर वायू जमा होतो. रिंगा आणि सिलिंडरची भिंत झिजली की हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते.

हा वायू म्हणजे निव्वळ हवा नव्हे. त्यात अर्धवट जळालेले इंधन, काजळी, पाण्याची वाफ आणि आम्लधर्मी घटक असतात. खाली वेगाने फिरणारा क्रँकशाफ्ट आणि पिस्टनवर उडणारे तेल यांमुळे क्रँककेसमध्ये तेलाचे सूक्ष्म तुषार तयार होत असतात. निसटलेला वायू हे तुषार आपल्यासोबत घेऊन बाहेर पडू पाहतो. यांतील असंख्य थेंब एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. ते हवेत दीर्घकाळ तरंगतात आणि श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जातात.

वायूला वाट दिली नाही तर क्रँककेसमधील दाब वाढतो. मग तो सर्वांत कमकुवत जागा शोधतो. ऑइल सील आणि गॅस्केट यांतून तेल झिरपू लागते, टर्बोचार्जरमधून खाली परतणाऱ्या तेलाचा मार्ग अडतो आणि ते तेल टर्बोच्या सीलमधून हवेच्या वा धुराच्या मार्गात शिरते. म्हणून क्रँककेसला ‘श्वास’ घेऊ देणे ही इंजिनाची मूलभूत गरज आहे. प्रश्न असतो तो हा श्वास कोठे सोडायचा, इतकाच.

उघड्या नळीपासून बंद चक्रापर्यंत

आरंभीच्या काळात याचे उत्तर सोपे होते. क्रँककेसमधून एक नळी काढून तिचे तोंड रस्त्याच्या दिशेने खाली वळवले जाई. वाहन धावू लागले की नळीच्या तोंडाशी वाहणाऱ्या हवेमुळे किंचित ओढ निर्माण होई आणि वायू बाहेर खेचला जाई. वाहन उभे असताना मात्र ही ओढ नाहीशी होई, आणि बाहेर पडलेले तेल व वायू थेट वातावरणात मिसळत.

या रीतीला पहिला धक्का दिला तो अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या धुरक्याने. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील वैज्ञानिक आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी असे दाखवून दिले की, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुरके तयार होते. त्यानंतर मोटारींमधून हायड्रोकार्बन नेमके कोठून बाहेर पडतात याचा शोध सुरू झाला. नियंत्रण नसलेल्या पेट्रोल मोटारींच्या एकूण हायड्रोकार्बन उत्सर्जनातील सुमारे पाचवा हिस्सा क्रँककेसमधून येत असल्याचे आढळले. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियाने यावर उपाय म्हणून पीसीव्ही, म्हणजे क्रँककेसमधील वायू पुन्हा इंजिनात ओढून जाळण्याची व्यवस्था निश्चित केली. मोटारींच्या प्रदूषण-नियंत्रणासाठी अमेरिकेत आवश्यक ठरवले गेलेले हे पहिले तंत्र होते. उत्प्रेरकी परिवर्तकाचा क्रम त्यानंतर बऱ्याच वर्षांनी लागला.

डिझेल इंजिनाची अडचण

पेट्रोल इंजिनात हवेच्या मार्गावर थ्रॉटल असतो. तो अंशतः मिटलेला असताना त्याच्या पुढील भागात निर्वात निर्माण होतो आणि क्रँककेसमधील वायू आपोआप आत ओढला जातो. एका छोट्या झडपेने हा प्रवाह नियंत्रित करता येतो. पारंपरिक डिझेल इंजिनात हवा अशी अडवली जात नाही. शक्तीचे नियमन इंधनाच्या मात्रेने होते. त्यामुळे ओढण्यासाठी पुरेसा निर्वात सहज मिळत नाही.

दुसरी अडचण टर्बोचार्जरची. टर्बोनंतरच्या मार्गात हवेचा दाब वातावरणापेक्षा जास्त असतो. तेथे क्रँककेसचा वायू सोडता येत नाही. तो सोडावा लागतो टर्बोच्या आधी, हवेची गाळणी आणि टर्बोचे तोंड यांच्या दरम्यान. परंतु त्या वायूतील तेल टर्बोच्या पात्यांवर बसते, उष्णतेने तेथे त्याचा थर जमतो आणि पुढे इंटरकूलरच्या आतील बाजूवरही तेलाचा लेप चढतो. परिणामी टर्बोची कार्यक्षमता घटते आणि हवा पुरेशी थंड होत नाही. याच कारणास्तव टर्बोयुक्त डिझेल ट्रक-इंजिनांना अमेरिकेतही दीर्घकाळ सूट होती. जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि २००७ पासून लागू झालेल्या तेथील नियमांनी ही सूट संपवली. नळी उघडी ठेवायची असेल तर तिच्यातील उत्सर्जन सायलेन्सरमधील उत्सर्जनात मिळवूनच इंजिनाची चाचणी करावी, अशी अट घालण्यात आली.

बंद व्यवस्थेचे घटक

आधुनिक ट्रकमधील बंद श्वसन व्यवस्थेत चार प्रमुख घटक असतात.

पहिला घटक म्हणजे तेल विलग करणारे उपकरण, अर्थात सेपरेटर. याचे अनेक प्रकार आहेत. सर्वांत साध्या प्रकारात वायूला वळणावळणाने नेऊन आडव्या पट्ट्यांवर आपटवले जाते. जड थेंब तेथे अडकतात. दुसऱ्या प्रकारात वायूला भोवऱ्यासारखे फिरवले जाते. या दोन्ही प्रकारांत मोठे थेंब अडतात, पण अतिसूक्ष्म थेंब निसटतात. त्यांच्यासाठी तंतूंची गाळणी वापरली जाते. तंतूंवर अडकलेले सूक्ष्म थेंब एकत्र येऊन मोठे होतात आणि खाली ओघळतात. चौथ्या प्रकारात शंकूच्या आकाराच्या पातळ चकत्यांचा संच मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरवून केंद्रोत्सारी बलाने तेल बाहेर फेकले जाते. हा संच इंजिनातील तेलाच्या दाबावर किंवा विद्युत मोटारीवर फिरतो. त्याला गाळणी बदलण्याची गरज नसते. मात्र त्याची किंमत अधिक असते.

दुसरा घटक दाब-नियंत्रक झडपेचा. हवेची गाळणी धुळीने भरली की टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते. ती थेट क्रँककेसपर्यंत पोहोचली तर सीलमधून धूळ आत खेचली जाऊ शकते. पडदा आणि स्प्रिंग असलेली ही झडप क्रँककेसमधील दाब वातावरणाच्या दाबाच्या अगदी जवळ राखते.

तिसरा घटक म्हणजे विलग झालेले तेल परत चेंबरमध्ये नेणारी नळी. तिच्यातील एकमार्गी झडप तेलाला खाली जाऊ देते, पण वायूला त्या वाटेने वर येऊ देत नाही. चौथा घटक सुरक्षा-झडपेचा. गाळणी पूर्ण तुंबल्यास ही झडप उघडते आणि क्रँककेसमधील दाब धोकादायक पातळीपर्यंत वाढू देत नाही. अनेक आधुनिक इंजिनांमध्ये याच्या जोडीला दाब मोजणारा संवेदकही असतो, जो मर्यादा ओलांडली जाताच चालकासमोरील दिवा पेटवतो.

मानके कठोर झाली, नळीचा वाटा वाढला

भारतात वाहनांसाठी उत्सर्जन मर्यादा १९९१ मध्ये पेट्रोल वाहनांना आणि १९९२ मध्ये डिझेल वाहनांना लागू झाल्या. २००० साली ‘इंडिया २०००’ मानके आली. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवर आधारित वाहन इंधन धोरण २००३ मध्ये जाहीर झाले आणि इंधन व इंजिन या दोहोंच्या सुधारणांचा एकत्रित आराखडा देशाला मिळाला. १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज-४ मानके देशभर लागू झाली. पाचवा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट भारत स्टेज-६ मानके अमलात आली. त्याबरोबर डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले.

अवजड डिझेल इंजिनांसाठी कणरूप प्रदूषणाची मर्यादा या प्रवासात कशी घटली, हे पाहण्याजोगे आहे. ‘इंडिया २०००’ मध्ये मोठ्या इंजिनांसाठी ती प्रति किलोवॅट-तास ०.३६ ग्रॅम होती. भारत स्टेज-३ मध्ये स्थिर चक्राच्या चाचणीत ती ०.१० ग्रॅम, स्टेज-४ मध्ये ०.०२ ग्रॅम आणि स्टेज-६ मध्ये ०.०१ ग्रॅम झाली. यासाठी ट्रकवर डिझेल कण-गाळणी आणि युरियाच्या द्रावणावर चालणारी नायट्रोजन ऑक्साइड-नियंत्रण व्यवस्था आली.

आता क्रँककेसच्या नळीचा विचार करू. समजा, एखाद्या इंजिनाच्या उघड्या ब्रीदरमधून प्रति किलोवॅट-तास ०.०१ ग्रॅम कण बाहेर पडतात. ‘इंडिया २०००’ च्या मर्यादेशी तुलना केली तर हे प्रमाण तीन टक्क्यांहूनही कमी भरते. त्याकडे दुर्लक्ष करणे क्षम्य वाटे. पण स्टेज-६ च्या मर्यादेशी तुलना करता तेच ०.०१ ग्रॅम संपूर्ण मर्यादेइतके होतात. नळी तीच, उत्सर्जनही तेवढेच. परंतु एकूण उत्सर्जनातील तिचा वाटा पूर्णतः बदललेला आहे. यामुळेच युरो-६ आणि त्याला समांतर असलेल्या भारत स्टेज-६ मानकांत क्रँककेसमधील वायू थेट वातावरणात सोडण्यास मनाई असून, टर्बोयुक्त इंजिनांना सूट मिळते ती हे उत्सर्जन सायलेन्सरच्या उत्सर्जनात मिळवून मोजण्याच्या अटीवरच.

याला आरोग्याचीही बाजू आहे. भारतातील बहुसंख्य ट्रकमध्ये इंजिन चालकाच्या केबिनखाली असते. उघड्या ब्रीदरचे तोंडही तेथेच खाली असते. उभ्या वाहनाचे इंजिन चालू असेल तर हा वायू केबिनभोवती रेंगाळतो. चालक आणि क्लीनर याच केबिनमध्ये काम करतात, जेवतात आणि झोपतात. त्यामुळे या प्रदूषणाचा पहिला बळी शहरवासी नागरिक नसून ट्रकवरील कामगार ठरतो. अमेरिकेत जुन्या शालेय बसगाड्या सुधारताना सायलेन्सरवरील उपकरणाच्या जोडीने बंद श्वसन व्यवस्थाही बसवली गेली, त्यामागे गाडीच्या आतील हवेचा हाच विचार होता.

फेरबदलांचे तीन प्रकार

या व्यवस्थेत केले जाणारे फेरबदल प्रामुख्याने तीन प्रकारचे आहेत. त्यांचे मूल्यमापन वेगवेगळे करावे लागते.

पहिला प्रकार म्हणजे टर्बोकडे जाणारी नळी काढून ती खाली रस्त्याकडे सोडणे. इंटरकूलरमध्ये तेल साचू लागले की हा सोपा आणि बिनखर्चाचा उपाय सुचवला जातो. तेल इंटरकूलरमध्ये जाण्याचे थांबते हे खरे. पण ते रस्त्यावर आणि हवेत जाऊ लागते. शिवाय मूळ कारण तसेच राहते. तेल का येत होते, सेपरेटरची गाळणी तुंबली होती की रिंगा झिजल्या होत्या, याचा शोध घेण्याची गरजच उरत नाही. टर्बोकडील तोंड नीट बंद केले नाही तर गाळणी न झालेली धूळयुक्त हवा थेट टर्बोत आणि पुढे सिलिंडरमध्ये शिरते व रिंगांची झीज आणखी वेगाने होते.

दुसरा प्रकार म्हणजे नळीच्या मार्गात तेल साठवणारा डबा बसवणे. बंद चक्र कायम ठेवून हा डबा बसवला, तर काही तेल अडते. परंतु साध्या रिकाम्या डब्यात केवळ मोठे थेंब अडतात. डबा वेळेवर रिकामा न केल्यास साचलेले तेल एकदम ओढले जाण्याचा धोका असतो. डिझेल इंजिन आत आलेल्या वंगणतेलावरही चालू शकते. असे झाल्यास इंधन बंद करूनही इंजिन थांबत नाही, त्याचा वेग अनियंत्रितपणे वाढतो आणि ते निकामी होऊ शकते. डब्याचा व्यास वा नळी अरुंद असल्यास वायूला अडथळा होऊन क्रँककेसमधील दाबही वाढतो.

तिसरा प्रकार म्हणजे जुन्या, उघड्या ब्रीदरच्या इंजिनावर पूर्ण बंद व्यवस्था बसवणे. पर्यावरणाच्या दृष्टीने हा एकमेव इष्ट फेरबदल होय. मात्र त्यासाठी इंजिनातून निसटणाऱ्या वायूच्या प्रमाणास साजेसा सेपरेटर, दाब-नियंत्रक झडप आणि तेल परत नेणारी नळी असा पूर्ण संच लागतो. झिजलेल्या इंजिनावर तो बसवणे व्यर्थ ठरते, कारण वायूच्या अतिरिक्त प्रमाणामुळे गाळणी अल्पावधीत तुंबते. आधी इंजिनाची दुरुस्ती, मग बंद व्यवस्था, हाच योग्य क्रम होय.

कायदा आणि तपासणी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातील नोंदी विसंगत ठरतील असा बदल वाहनमालकास करता येत नाही. २०१९ च्या सुधारणेने आलेल्या कलम १८२-अ नुसार, अनुज्ञेय नसलेल्या पद्धतीने वाहनात बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९० अन्वये पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे.

तरतुदी पुरेशा असल्या तरी अंमलबजावणीत एक उणीव राहते. डिझेल वाहनाच्या ‘पीयूसी’ तपासणीत सायलेन्सरमधून येणाऱ्या धुराची अपारदर्शकता मोजली जाते. ब्रीदरची नळी तोडून खाली सोडलेली असली, तरी या चाचणीत ते दिसत नाही. श्वसननळीचा उल्लेख नोंदणी प्रमाणपत्रातही नसतो. मालवाहू वाहनांना पहिल्या आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी नळी जागेवर आहे की नाही, हे पाहण्यास कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. डोळ्यांनी केलेली पाहणी पुरेशी ठरते.

क्रँककेसमधील दाब मोजणे तर इंजिनाच्या प्रकृतीचे उत्तम निदान होय. ठरावीक छिद्राचे तोंड आणि पाण्याचा दाबमापक यांच्या साहाय्याने साध्या कार्यशाळेतही हे काम होते. दाब वाढलेला आढळला म्हणून लगेच इंजिन उघडण्याची घाई करू नये. प्रथम सेपरेटरची गाळणी पाहावी. त्यानंतर टर्बोचे सील आणि हवेच्या ब्रेकसाठी असलेला कॉम्प्रेसर तपासावा. या कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्यास त्यातील दाबयुक्त हवा तेलाच्या परतीच्या मार्गाने क्रँककेसमध्ये येते आणि इंजिनच ‘बॅक’ मारत असल्याचा आभास निर्माण होतो. या क्रमाने तपासणी केल्यास अनावश्यक मोठा खर्च टळतो. छोट्या वाहनमालकांच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

समारोप

राष्ट्रीय स्वच्छ वायू कार्यक्रमाचा आरंभ जानेवारी २०१९ मध्ये झाला, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी भारत स्टेज-६ मानके अमलात आली. तेलशुद्धीकरण कारखाने आणि वाहन उद्योग यांनी या बदलासाठी मोठी गुंतवणूक केली. परंतु मानक हे नव्या वाहनाच्या चाचणीपुरते असते; हवा मात्र त्या वाहनाच्या संपूर्ण आयुष्यातील देखभालीवर अवलंबून असते. दरम्यान लाखो जुने ट्रकही रस्त्यावर आहेत. क्रँककेसची श्वसन व्यवस्था हे याचे बोलके उदाहरण होय. कारखान्यातून बंद स्थितीत आलेली नळी रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये काही मिनिटांत उघडी होते आणि कागदोपत्री वाहन पूर्वीइतकेच स्वच्छ राहते. हे रोखायचे तर दंडाच्या जोडीने मिस्त्रींचे प्रशिक्षण, सेपरेटरच्या गाळण्यांची वाजवी दरात उपलब्धता आणि योग्यता तपासणीत या नळीची नियमित पाहणी, या तीन गोष्टींची सांगड घालावी लागेल. इंटरकूलरमध्ये येणारे तेल ही वाहनमालकाची खरी अडचण आहे. तिचे योग्य उत्तर त्याला परवडणाऱ्या किमतीत मिळाले, तर नळी तोडण्याचे कारणच उरणार नाही.